शेवट असलेल्या गोष्टी : स्पॅनिश मालिकांवरच्या लेखसंग्रहाची प्रस्तावना

भारतीय दूरदर्शनवरची पहिली लांब पल्ल्याची कौटुंबिक मालिका स्पॅनिश भाषेतल्या मालिकांकडे बघून सुचली, आणि त्या सुचण्याच्या गोष्टीत एक मराठी माणूस आहे. वसंत साठे १९८० ते १९८२ या काळात केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते, खासदार वर्ध्याचे. भारतात रंगीत दूरदर्शन यावं म्हणून त्यांनी धरलेला आग्रह लोकांना आठवतो. १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने तो पुराही झाला. त्याच वर्षीच्या त्यांच्या मेक्सिको दौऱ्याची आठवण मात्र फारसं कुणी काढत नाही. त्या पहिल्या मालिकेची, 'हम लोग'ची, मूळ कल्पना त्या दौऱ्यातून आल्याची नोंद आहे.

मेक्सिकोत तेव्हा मिगेल साबिदो यांच्या कामाची चर्चा होती. तेलेविसा या तिथल्या बलाढ्य वाहिनीसमूहात काम करणाऱ्या या नाट्यदिग्दर्शकाने १९७५ मध्ये 'वेन कोन्मिगो' ही मालिका आणली. विषय प्रौढ साक्षरतेचा, पण बाज अस्सल घरगुती मालिकेचा: प्रेम, मत्सर, आजारपण, लग्न. साक्षरतेच्या पुस्तिका कुठे मिळतात ते एका भागात सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तिथे हजारो लोकांची रीघ लागली आणि मेक्सिको शहरातली वाहतूक तुंबली. पुढे कुटुंबनियोजनावर 'आकोम्पान्यामे' आली. साबिदोंची रीत अशी की एक पात्र भलं, एक बुरं आणि तिसरं या दोघांमध्ये हेलकावे खाणारं. प्रेक्षकाचा जीव अडकतो तो तिसऱ्यात. 'हम लोग' पाहिलेल्यांनी बडकी, मझली, छुटकी, लल्लू आठवून पाहावेत, ही रीत ओळखीची वाटेल.

७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झाली. लेखन मनोहर श्याम जोशींचं, दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांचं. भाग संपला की अशोककुमार पडद्यावर येऊन त्या दिवशीच्या गोष्टीवर दोन शब्द बोलत. जाणत्या माणसाने शेवटी येऊन बोलायची ही पद्धतही साबिदोंचीच. पहिल्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश फार झाला, लोक कंटाळले. मग उपदेश मागे सरला आणि माणसं पुढे आली. आजीला, म्हणजे सुषमा सेठना, कर्करोग झाला तेव्हा तिला मरू देऊ नका म्हणून प्रेक्षकांनी पत्रं लिहिली. दीडशेच्या वर भाग दाखवून १७ डिसेंबर १९८५ ला मालिका थांबली. सगळं मिळून सतरा महिने.

खुद्द साबिदोंना वाट दाखवली ती पेरूमधल्या 'सिम्प्लेमेंते मारिया'ने, १९६९ साली. मारिया ही डोंगराळ खेड्यातून शहरात मोलकरीण म्हणून आलेली मुलगी. फसवली जाते, आई होते, रात्रीच्या वर्गात अक्षरं गिरवते, शिवण शिकते आणि शिलाई मशीनवर आपलं आयुष्य नव्याने उभं करते. त्या काळात लॅटिन अमेरिकेत सिंगर मशीनचा खप वाढला. मोलकरणी रात्रशाळेत नाव घालू लागल्या. मारियाचं तिच्या मास्तरांशी लग्न लागतं त्या भागाचं चित्रण लिमातल्या चर्चमध्ये होतं, तर लोक नटूनथटून, आहेर घेऊन खरोखरच्या लग्नाला यावं तसे आले. ही मालिका कुठल्या सरकारी योजनेचा भाग नव्हती. कुणी कुणाला सुधारायला बसलं नव्हतं. एका बाईची गोष्ट मन लावून सांगितली, एवढंच.

या परंपरेचं मूळ आणखी मागे, क्यूबात सापडतं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या सिगारच्या कारखान्यांत कामगार पानं वळत बसायचे आणि उंच आसनावर बसलेला एक वाचक त्यांना वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याचा पगार कामगार वर्गणी काढून देत. ऐकणाऱ्यांचे हात कामात, कान गोष्टीत. पुढे रेडिओ आला आणि १९४८ मध्ये फेलिक्स काइन्येत यांची 'एल देरेचो दे नासेर' ही श्राव्यमालिका क्यूबाभर घरोघर ऐकली जाऊ लागली. तेलेनोव्हेला, म्हणजे दूरचित्रवाणीवरची स्पॅनिश घरगुती मालिका, या वंशातली. हात कामात असलेल्या माणसांसाठी ती जन्मली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. असा माणूस पडद्यावरची प्रत्येक चौकट बघत नाही, तो ऐकतो. त्याला कोण कुणाला काय म्हणालं हे कळावं लागतं. आणि त्याला गोष्टीचा शेवट लागतो, कारण काम संपलं की तो घरी जाणार असतो.

या पुस्तकातल्या लेखांमागे माझं म्हणणं एकच आहे, ते इथेच सांगून टाकते. स्पॅनिश भाषेतल्या चांगल्या मालिका अश्रूंना कमी लेखत नाहीत आणि गोष्ट संपवायला घाबरत नाहीत. या दोन गोष्टी एकमेकींवर उभ्या आहेत. रडू तेव्हाच खरं होतं जेव्हा ते कुठेतरी पोचतं. मेक्सिकोहून आपण रोजच्या गोष्टीची सवय आणली, तिच्याबरोबर आलेला शेवट मात्र पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत हळूहळू सोडून दिला. 'चार दिवस सासूचे' २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग. रोहिणी हट्टंगडींच्या कामाबद्दल मला अपार आदर आहे, पण बारा वर्षं चालणाऱ्या गोष्टीत कुठल्याच दुःखाला वजन राहत नाही. प्रत्येक आपत्ती पुढच्या आपत्तीला जागा करून देण्यापुरती येते. याउलट २०१२ मधली 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' वर्षभरात संपली आणि अजून लोकांच्या तोंडी आहे. आपल्याला जमत नाही असं नाही. आपण धीर करत नाही.

मी हे लिहिते ते मनीमाजऱ्यात राहून. चंडीगडच्या पूर्व टोकाला, पंचकुल्याला चिकटून असलेलं हे गाव चंडीगड आखण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. इथे संस्थान होतं, त्याचा किल्ला अजून पडक्या अवस्थेत उभा आहे. पलीकडचं मनसादेवीचं मंदिर मनीमाजऱ्याच्याच राजाने, गोपालसिंगांनी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलं. ल कॉर्बुझिएच्या आराखड्यात तेरा क्रमांकाचा सेक्टरच नव्हता. २०२० मध्ये प्रशासनाने तो रिकामा आकडा मनीमाजऱ्याला दिला. कागदावर आम्ही आता सेक्टर १३. बोलताना सगळे मनीमाजराच म्हणतात. बाजाराच्या गल्ल्या अरुंद, मोटर मार्केटमध्ये ग्रीस आणि रंगाचा वास, आणि हाउसिंग बोर्ड चौक ओलांडला की रुंद रस्ते, झाडांच्या रांगा, कोठ्या म्हणजे बंगले.

रोज सकाळी मौली जागराँ आणि मनीमाजऱ्यातून बायका त्या कोठ्यांकडे कामाला निघतात. काही सायकलवर, बऱ्याच चालत. तेलेनोव्हेलाचं मूळ कथानक या रस्त्यावर माझ्या डोळ्यांसमोरून जातं: गरीब घरातली बाई श्रीमंताच्या घरात शिरते. मेक्सिको, पेरू, कोलंबिया, व्हेनेझुएला, सगळीकडच्या मालिकांनी हे कथानक पुन्हा पुन्हा सांगितलं. १९७९ च्या मेक्सिकन 'लोस रिकोस ताम्बिएन योरान'ची नायिका अशीच श्रीमंताच्या घरी आश्रयाला येते, आणि ती मालिका १९९० च्या दशकाच्या आरंभी रशियात लागली तेव्हा मोडकळीला आलेल्या त्या देशाने ती डोळ्यांत प्राण आणून पाहिली. लोक या कथानकाला बाळबोध म्हणतात. ज्या समाजात घर पुसणारी आणि घराची मालकीण एका छताखाली दिवस काढतात, तिथे या गोष्टीहून मोठी गोष्ट कोणती? आपल्या मराठी मालिकांत मोलकरीण असते, पण ती बहुधा चहा आणते आणि एखादा विनोद करून आत जाते. तिच्या घराचं दार कॅमेरा क्वचित ओलांडतो.

आता बेटीबद्दल, कारण तिच्यावर या संग्रहातला सगळ्यात मोठा लेख आहे.

'यो सोय बेटी, ला फेआ' कोलंबियात आरसीएन वाहिनीवर ऑक्टोबर १९९९ ते मे २००१ चालली. लेखक फेर्नांदो गाइतान. जगभर तिची इतकी रूपांतरं झाली की २०१० मध्ये गिनेस बुकाने तिची नोंद घेतली. आपल्याकडे ती सप्टेंबर २००३ मध्ये सोनी वाहिनीवर 'जस्सी जैसी कोई नहीं' म्हणून आली. जस्सी झालेल्या मोना सिंग मूळच्या चंडीगडच्या, शिकल्या नागपुरात आणि पुण्यात. त्यामुळे आमच्या गल्लीत जस्सी इथल्यांची आणि माझीही, अशी दोघांची आहे. जस्सीचं वालिया कुटुंब, तिचे बल्ली पापाजी, बेबे, हे सगळं पंजाबी मध्यमवर्गाच्या घरातून उचललेलं होतं आणि ते अचूक होतं. आमच्या शेजारच्या बीजी अजून सांगतात की ती मालिका लागली की त्यांच्या घरी पोळ्यांचा तवा उतरवून ठेवत.

बेटी अर्थशास्त्र शिकलेली, पदव्युत्तर पदवी असलेली, हिशेबात वाघीण. दिसण्यामुळे कुठे नोकरी मिळत नाही म्हणून इकोमोदा या फॅशन कंपनीत सेक्रेटरीच्या जागेवर येते. तिला बसायला मिळते साहेबाच्या केबिनच्या आतली एक अडगळीची, बिनखिडकीची खोली. त्या खोलीकडे नीट पाहा. कंपनीचा सगळा पैसा तिथून फिरतो. साहेब, म्हणजे अरमांदो, स्वतःचं अध्यक्षपद टिकवायला खोटे ताळेबंद करवून घेतो ते तिथे. कंपनी कर्जात बुडते तेव्हा ती वाचवायला बेटीच्या नावावर एक कागदी कंपनी काढली जाते आणि इकोमोदा तिच्याकडे गहाण पडते, तेही तिथेच. म्हणजे सौंदर्य विकणाऱ्या कारखान्याची खरी मालकीण खिडकी नसलेल्या खोलीत बसलेली कुरूप मुलगी. मग साहेबाला भीती वाटते, ही उद्या फिरली तर? त्याचा मित्र मारियो तोडगा काढतो की तू तिला प्रेमात पाड. प्रेमात कसं पाडायचं याच्या सूचना तो पत्रात लिहून ठेवतो, आणि ते पत्र बेटीच्या हाती लागतं.

इथे गाइतान काय करतात ते शिकण्यासारखं आहे. पत्र वाचूनही बेटी लगेच निघून जात नाही. ती दिवसभर काम करते, त्याचे लाड करून घेते, त्याचं खोटं ऐकत राहते. फसवणारा दरम्यान खरोखर तिच्या प्रेमात पडत चाललाय, पण ते तिला कळायला वाव नाही, कारण आता त्याचं प्रत्येक खरं वाक्यही तिला त्या पत्रातलंच वाटतं. हे प्रसंग विनोदी म्हणून सुरू होतात आणि हसता हसता आपलं हसू सुकतं. संचालक मंडळाच्या बैठकीत सगळं बाहेर पडतं, बेटी कार्ताहेनाला जाते, आणि तिचं रूप पालटतं ते मालिका उताराला लागल्यावर. तेही जेमतेम. केस नीट, कपडे बरे. ती परतते ती कंपनीची अध्यक्ष होऊन, आणि तिची ओळख पटायला लोकांना फार वेळ लागत नाही. कारण गोष्ट रूपाची नव्हतीच, ताळेबंदाची होती.

जस्सी सुमारे पावणेतीन वर्षं चालली, बेटी दीड वर्ष. फरक तिथे पडला. जस्सीत रूप पालटण्याला अवाजवी महत्त्व आलं, जेसिका बेदी नावाचा नवा अवतार आला, नवनव्या गुंतागुंती आल्या, आणि हिशेबात हुशार असलेली ती मुलगी मागे पडत गेली. मोना सिंग यांनी शेवटपर्यंत जीव तोडून काम केलं. पण गोष्टीला संपायचं होतं आणि तिला संपू दिलं नाही. याच सुमाराला 'रेबेल्दे वे' या अर्जेंटिनातल्या शाळकरी मुलांच्या मालिकेवरून स्टार वनवर 'रीमिक्स' आली. तिच्याबद्दल मला विशेष काही म्हणायचं नाही, गाणी बरी होती.

गोष्ट संपू न देण्याच्या दोषाचा मक्ता फक्त आपल्याकडे नाही, हे 'मनी हाइस्ट'ने दाखवून दिलं. 'ला कासा दे पापेल' हे तिचं मूळ नाव. आलेक्स पिना यांनी ती आंतेना ३ या स्पेनमधल्या वाहिनीसाठी केली, मे २०१७ मध्ये. स्पेनमध्ये रात्रीच्या मालिकेचा एक भाग सत्तर मिनिटांच्या आसपास असतो. असे पंधरा भाग होते. पहिल्या भागाला चाळीस लाखांहून अधिक प्रेक्षक मिळाले, पुढे ते निम्म्याहून खाली आले. वाहिनीच्या दृष्टीने तो संपलेला विषय होता. नेटफ्लिक्सने ती घेतली, पंधराचे बावीस छोटे भाग केले, आणि वर्षभरात ती जगभर गेली. २०१८ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय एमी मिळालं. बारकाईने पाहिलं तर या कापाकापीचे सांधे दिसतात: एखादा भाग अशा ठिकाणी संपतो जिथे लेखकाने श्वासही घेतलेला नाही.

त्या पहिल्या पंधरा भागांची मी चाहती आहे, आणि का ते पुस्तकात सविस्तर लिहिलं आहे. स्पेन २००८ नंतरच्या मंदीत होरपळला होता, तरुण बेकार होते, घरं जप्त होत होती. अशा वेळी टांकसाळीत शिरून कुणाचाही पैसा न चोरता नवा पैसा छापणारे दरोडेखोर लोकांना आपले वाटले यात नवल नाही. दरोड्याचा सूत्रधार प्रोफेसर पोलीस निरीक्षक राकेलला विचारतो की युरोपच्या मध्यवर्ती बँकेने हवेतून पैसा काढून बँकांना दिला तेव्हा त्याला कुणी चोरी म्हटलं का. तो प्रसंग संपूर्ण मालिकेचा कणा आहे. पण ही सगळी कथा दरोड्याबरोबर पुरी झाली होती. नंतरच्या तीन पर्वांत दरोडेखोरांतल्या मेलेल्या बर्लिनला आठवणींमधून परत परत आणावं लागलं, गोळीबार वाढला आणि पैशाबद्दलचा तो प्रश्न हरवला. डिसेंबर २०२१ मध्ये ती संपली तेव्हा मला सुटका झाल्यासारखं वाटलं. शाळकरी श्रीमंतांची 'एलिते' २०१८ ते २०२४ अशी आठ पर्वं चालली. पहिलं पर्व वर्गभेदावर इतकं धारदार, की पुढच्या पर्वांची दया येते.

आमच्या गल्लीत 'मनी हाइस्ट' हिंदीत पाहिली गेली. हिवाळ्यात, धुक्यामुळे दार-खिडक्या बंद असताना, शेजारच्या भाभीजी मांडीवर मटारची परात घेऊन ती बघत होत्या. शेंगा सोलत, डोळे परातीत, कान पडद्याकडे. दरोडेखोरांतली नैरोबी मरते त्या भागाला हात थांबले. त्यांनी मला विचारलं, एवढं सगळं करून हिचा मुलगा हिला भेटला का? मालिकेवर लिहिलेल्या कितीतरी लेखांत मी हा प्रश्न वाचलेला नाही. क्यूबातल्या कामगारांसाठी घडलेली रीत त्या मटारच्या परातीपर्यंत शाबूत पोचली होती. तर्जुम्याबद्दल तक्रारी मी पुस्तकात केल्या आहेत, सगळी पात्रं एकाच शहरातली असल्यासारखी बोलतात ही त्यांतली मोठी तक्रार. पण ज्यांचे हात मोकळे नाहीत त्यांना पडद्याखालच्या ओळी वाचत बसायला सांगणं योग्य नाही, हे मी भाभीजींकडून शिकले.

याच भाभीजींना पाकिस्तानी मालिकाही आवडतात. २०१४ मध्ये जिंदगी वाहिनी सुरू झाली आणि 'जिंदगी गुलजार है' लागली तेव्हा इथल्या घरांत तिचीच चर्चा असायची. सव्वीस भाग, गोष्ट संपली. त्यांना विचारलं तर त्याही हेच सांगतात की तिथे गोष्ट संपते.

'पात्रिया'वर लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि ते मनीमाजऱ्यात राहिल्यामुळे. फेर्नांदो आराम्बुरूंची ही कादंबरी २०१६ मधली. आइतोर गाबिलोंदो यांनी २०२० मध्ये तिच्यावर एचबीओसाठी आठ भागांची मालिका केली. स्पेनच्या बास्क प्रांतातलं एक गाव. बित्तोरी आणि मिरेन या दोन जिवाभावाच्या मैत्रिणी, नवरे सायकलीचे आणि पत्त्यांचे सोबती. बित्तोरीच्या नवऱ्याचा, चातोचा, ट्रक वाहतुकीचा धंदा. बास्क स्वातंत्र्यासाठी लढणारी ईटीए ही सशस्त्र संघटना त्याच्याकडे खंडणी मागते. तो एकदा देतो, मग देणं जमत नाही. गावाच्या भिंतींवर त्याच्याविरुद्ध घोषणा रंगतात. कुणी त्याला मारत नाही, फक्त बोलायचं बंद करतात. दुकानात, रस्त्यावर, सोबत्यांच्या टेबलावर. एका पावसाळी दुपारी घराजवळ त्याला गोळ्या घातल्या जातात. मिरेनचा मुलगा त्या संघटनेत असतो. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये ईटीएने शस्त्रं थांबवल्याचं जाहीर केलं, आणि त्याच दिवसांत बित्तोरी नवऱ्याच्या थडग्यावर बसून त्याला सांगते की मी गावी परत जाणार आहे. त्याला ती रोजच्यासारखं सांगते, भाजीपाल्याचे भाव सांगावेत तशा सुरात.

पंजाबात १९८०-९० च्या हिंसाचाराच्या काळात काय झालं ते मराठी वाचकाला वर्तमानपत्रांतून माहीत आहे. इथे राहिलं की ते माणसांच्या गप्प राहण्यातून कळतं. ३१ ऑगस्ट १९९५ ला मुख्यमंत्री बेअंत सिंग यांची सचिवालयाबाहेर बॉम्बस्फोटात हत्या झाली. स्फोटाचा आवाज ऐकलेली माणसं माझ्या परिचयाची आहेत. ज्यांची मुलं पोलिसांनी उचलून नेली आणि परत आली नाहीत अशी घरं आहेत, ज्यांची माणसं बसमधून उतरवून मारली गेली अशीही घरं आहेत, आणि ती एकाच बाजारात भाजी घेतात. बास्क प्रांत आणि पंजाब एकच आहेत असं मी म्हणत नाही. इतिहास निराळा, राज्यसत्ता निराळी, मृतांचे आकडे तर फारच निराळे. पण 'पात्रिया' ज्या प्रश्नाला हात घालते, म्हणजे ज्याने मारलं त्याच्या आईने आणि जो मेला त्याच्या बायकोने उद्या एकमेकींच्या समोर कसं यायचं, तो इथला जिवंत प्रश्न आहे. चित्रपटांनी त्याला हात घातला. गुलजारांचा १९९६ चा 'माचिस' आणि गुरविंदर सिंगांचा 'चौथी कूट' ही चटकन आठवणारी नावं. हा प्रश्न दिवाणखान्यात आणून आठ-दहा तास समोर ठेवणारी मालिका आपल्याकडे झालेली मी पाहिलेली नाही, आणि ती व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पंजाबच्याच कारणाने अमली पदार्थांच्या सम्राटांवरच्या मालिकांना मी या संग्रहात जागा दिलेली नाही. 'नार्कोस'मध्ये पाब्लो एस्कोबार झालेले वाग्नेर मोउरा ब्राझीलचे. त्यांचे स्पॅनिश उच्चार कोलंबियातल्या लोकांना खटकले, तरी अभिनय मोठा आहे. पण चिट्ट्याने, म्हणजे हेरॉइनने, पोखरलेली मुलं ज्यांनी जवळून पाहिली आहेत त्यांना तो डौल, ते संगीत, त्या मोटारी सोसत नाहीत. हे कलेचं मूल्यमापन नाही असं कुणी म्हणेल. प्रेक्षकाचं मत आहे, आणि हे पुस्तक प्रेक्षकाचं आहे.

बाकीच्या लेखांबद्दल थोडक्यात. 'लास चिकास देल काब्ले' ही नेटफ्लिक्सची स्पेनमधली पहिली निर्मिती, १९२८ मधल्या माद्रिदच्या टेलिफोन कंपनीतल्या मुलींची. रंगीत, चकचकीत, कधीकधी फारच; तरी नवऱ्याच्या परवानगीवाचून बाईला कायद्याने काही करता येत नव्हतं तो काळ ती विसरू देत नाही. त्या परवानगीची अट स्पेनच्या कायद्यातून गेली १९७५ मध्ये, इतक्या अलीकडे. 'क्वेंतामे कोमो पासो' या आल्कांतारा कुटुंबाच्या मालिकेवरचा लेख माझ्या म्हणण्याला छेद देणारा आहे. ती २००१ ते २०२३ चालली, आणि तरी ती थकली नाही, कारण तिच्यात १९६८ पासूनचा स्पेन खरोखर पुढे सरकतो: फ्रँकोची हुकूमशाही, तिचा अंत, लोकशाही, मुलांची लग्नं. तिथे लांबीला इतिहासाचा आधार आहे. आपल्याकडच्या लांब मालिकांत बारा वर्षांत पंतप्रधान बदलतात, पण मालिकेतल्या घराला त्याची खबर नसते.

शेवटचा लेख अर्जेंटिनाच्या 'एल एतेर्नाउता'वर आहे, एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या. ब्वेनोस आइरेसवर विषारी बर्फ पडतो आणि पत्ते खेळायला जमलेले मध्यमवयीन मित्र घरात अडकतात. रिकार्दो दारीन मुख्य भूमिकेत. मूळ चित्रकथा १९५७ ते १९५९ मधली, लेखक एक्तोर एस्तेर्हेल्द. १९७७ मध्ये लष्करी राजवटीने त्यांना उचललं; त्यांच्या चारही मुली गेल्या. त्यांच्या देशाने सत्तरएक वर्षांनी ती गोष्ट पडद्यावर आणली. मालिका अजून अपुरी आहे, म्हणून तिच्यावरचं माझं मतही तात्पुरतं धरावं.

संग्रह कुठूनही वाचला तरी चालेल. मालिका बघायला मात्र कुठून सुरुवात करावी असं विचारणाऱ्यांना मी बेटीचं नाव सांगते, आणि तीही मूळ कोलंबियातलीच. पहिले काही भाग जुनाट वाटतील, चित्रण ढिसाळ आहे, घरातले विनोद लांबतात. बेटी त्या बिनखिडकीच्या खोलीत बसायला लागेपर्यंत धीर धरावा. नंतर 'पात्रिया', पण एका बैठकीत नाही. रोज एक भाग, आणि शक्यतो घरातल्या मोठ्या माणसांबरोबर, म्हणजे मध्येच कुणी काही सांगू लागलं तर मालिका थांबवून ऐकता येईल. 'मनी हाइस्ट' टांकसाळीतून बाहेर पडेपर्यंत.